स्पेनच्या शांत रस्त्यांवर सायकलने

स्पेन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? बैलाशी झुंजणारा माणूस, फुटबॉलचे मैदान, समुद्रकाठची गजबज. फार तर शाळेच्या पुस्तकातला कोलंबस. आज मी तुम्हांला जिथे नेणार आहे, तिथे यांतले काहीच नाही. आणि न्यायचे आहे ते सायकलवरून. घाबरू नका, पायडल मारण्याचे काम माझ्याकडे. तुम्ही नुसते मागे कॅरिअरवर बसा आणि दोन्ही बाजूंना पाहत चला.

आधी नकाशा पाहून घेऊ. युरोपच्या नैऋत्य टोकाला असलेल्या या देशाचे क्षेत्रफळ सुमारे पाच लाख सहा हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या दीडपटीहून थोडे अधिक. लोकसंख्या मात्र पाच कोटींच्या आतबाहेर. २०११ च्या शिरगणतीत एकट्या महाराष्ट्राची सव्वाअकरा कोटी होती! त्यातही ही माणसे देशभर सारखी पसरलेली नाहीत. मध्यभागी राजधानी माद्रिद भरलेली, भोवतालचे समुद्रकाठ भरलेले, आणि या दोहोंच्या मध्ये मोठा मोकळा पट्टा. पूर्वेकडचा तेरुएल प्रांतच घ्या. आकाराने तो जवळजवळ आपल्या सोलापूर जिल्ह्याएवढा. सोलापूर जिल्ह्यात २०११ साली त्रेचाळीस लाख माणसे होती. तेरुएलमध्ये आज सव्वा लाखाहून थोडी अधिक आहेत. चौरस किलोमीटरला नऊ माणसे!

असल्या प्रदेशात रस्ता कसा असेल, याची कल्पना करा. डांबर गुळगुळीत, कडेला पांढरी रेघ, वळणावर पाटी, सारे व्यवस्थित. फक्त वाहन नाही. अर्धा अर्धा तास सायकल चालवावी आणि सोबतीला स्वतःच्या चेनचा आवाज, गव्हाच्या कापलेल्या शेतावरून येणारा वारा आणि दूर कुठे तरी मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा. सायकलवाल्याला याहून अधिक काय हवे? पहिला दिवस मीही असाच हरखून गेलो होतो. पण मी पडलो शिक्षक. दुसऱ्या दिवसापासून मनात एक प्रश्न घोळू लागला. हा रस्ता एवढा शांत का? याच्यावरून जाणारी माणसे गेली कुठे? आजचे माझे बोलणे मुख्यतः या प्रश्नाभोवतीच आहे.

मात्र प्रवासाच्या गोष्टीत आधी तयारी येते, ती सांगतो. माझे एक सहाध्यापक मित्र आणि मी, असे आम्ही दोघे सप्टेंबरच्या अखेरीस गेलो होतो. मित्रांना कामापुरते स्पॅनिश येते, मला फक्त नमस्कार-चमत्कार. ऋतू मात्र विचार करून निवडला होता. जुलै-ऑगस्टमध्ये स्पेनच्या दक्षिणेत आणि मध्यावर पारा चाळिशी ओलांडतो. ते ऊन आपल्या विदर्भाला शोभावे. हिवाळ्यात उलटा प्रकार. याच तेरुएल प्रांतातल्या कालामोचा गावी १७ डिसेंबर १९६३ रोजी उणे तीस अंश तापमानाची नोंद झाली होती. तेव्हा सायकलीसाठी एप्रिल ते मध्य जून, नाही तर सप्टेंबर-ऑक्टोबर हेच दिवस बरे.

सायकली आम्ही बालेन्सिया शहरात भाड्याने घेतल्या. गिअरच्या, जरा जाड टायरच्या, मागे दोन्ही बाजूंना पिशव्या अडकवण्याची सोय असलेल्या. बरोबर दोन जादा ट्यूब, पंप, सोल्यूशनची नळी, ठिगळे आणि पाने. पंक्चर झाले की पुढच्या नाक्यावर कुणी तरी पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून देणारा भेटेल, ही आपली सवय. तिथे पुढचा नाका तीस किलोमीटरवर असतो आणि नाक्यावर माणूस असेलच असे नाही. दुसरी गोष्ट कायद्याची. गावाबाहेरच्या रस्त्यावर सायकलस्वाराने शिरस्त्राण घालायलाच हवे. उलट, मोटारवाल्याने सायकलला मागे टाकताना निदान दीड मीटर अंतर सोडायला हवे. हा नियम नुसता कागदावर नाही. चढणीच्या वळणावर एक अवजड ट्रक आमच्या मागे मुकाट्याने रांगत होता. ना भोंगा, ना ओरडा. सरळ रस्ता लागल्यावर तो पलीकडच्या बाजूने मोठा वळसा घेऊन गेला आणि जाताना चालकाने हात हलवला. आपल्याकडे रोज सायकलने शाळेला जाणाऱ्या मुलामुलींची मला त्या वेळी आठवण झाली.

या सौजन्यामागे थोडा इतिहासही आहे. सायकल हे त्या देशात गरिबाचे वाहन होते. १९३६ ते १९३९ च्या यादवी युद्धानंतरच्या उपासमारीच्या वर्षांत तोलेदो भागातला फेदेरिको बाआमोंतेस नावाचा पोरगा सायकलवरून चोरट्या बाजारातला माल पोहोचवून घर चालवायला हातभार लावीत असे. ओझे लादून चढ चढायची ती सवय त्याच्या कामी आली. १९५९ साली फ्रान्सची जगप्रसिद्ध सायकल शर्यत जिंकणारा तो पहिला स्पॅनिश माणूस ठरला. पुढे नाबार्राच्या शेतकरी घरातला मिगेल इंदुराइन १९९१ ते १९९५ अशी ओळीने पाच वर्षे तीच शर्यत जिंकत राहिला. तेव्हा खेड्यातल्या म्हाताऱ्यालासुद्धा सायकलवाला पाहिला की तो आपल्यातला वाटतो.

आता निघू या. तेरुएल हे प्रांताचे मुख्य ठिकाण, वस्ती पस्तीस-छत्तीस हजारांची, समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांवर. विटांचे आणि हिरव्या-पांढऱ्या चकचकीत फरशांचे त्याचे मनोरे मुसलमानी कारागिरीच्या वळणाचे आहेत. १९८६ साली त्यांची जागतिक वारशात गणना झाली. इथून समुद्रकाठच्या सागुंतोच्या दिशेने आमची वाट होती, आणि ती वाट म्हणजे एक मेलेली आगगाडी!

झाले असे. तेरुएलच्या वायव्येला ओखोस नेग्रोस, म्हणजे 'काळे डोळे', या नावाचे गाव आहे. तिथे लोखंडाच्या खाणी होत्या. खाणवाल्या कंपनीला खनिज समुद्रापर्यंत न्यायचे होते. त्याच दिशेने जाणारी दुसऱ्या कंपनीची आगगाडी होतीच, पण दोघांचे भाड्यावरून जमेना. तेव्हा खाणवाल्यांनी इरेला पेटून आपला स्वतःचा, मीटर गेजचा, सुमारे दोनशे किलोमीटरचा लोहमार्ग बांधला. १९०७ साली तो सुरू झाला. कित्येक ठिकाणी दोन्ही लोहमार्ग एकमेकांना समांतर धावत. भाऊबंदकीत एकाच बांधावर दोघांनी दोन विहिरी खणाव्यात, तसला प्रकार! १९७२ मध्ये हा मार्ग बंद पडला, रूळ उचलले गेले. राहिले ते बोगदे, कमानींचे पूल आणि ओसाड स्टेशने.

अशा वापरात नसलेल्या लोहमार्गांची लांबी स्पेनमध्ये साडेसात हजार किलोमीटरांहून अधिक होती. त्यांचे करायचे काय? १९९३ पासून तिथे एक योजना सुरू झाली. रूळ काढलेल्या पट्टीवर पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी वाट करायची. तिला ते लोक 'बिआ बेर्दे', म्हणजे 'हिरवी वाट' म्हणतात. आजवर तीन हजार किलोमीटरांहून अधिक हिरव्या वाटा तयार झाल्या आहेत आणि ओखोस नेग्रोसची वाट, सुमारे एकशेसाठ किलोमीटरांची, त्यांत सर्वांत लांब समजली जाते. सायकलवाल्याला यात मोठा फायदा आहे. आगगाडीला उभा चढ मानवत नाही, म्हणून इंजिनिअरांनी डोंगर पोखरून, दऱ्या भरून चढ सौम्य ठेवलेला असतो. त्यांच्या कष्टांचे व्याज आज आपल्या गुडघ्यांना मिळते. तेरुएलहून निघालात की बाराशे मीटरांच्या आसपासच्या एस्कांदोन खिंडीपर्यंत हळूहळू चढायचे. तिथून पुढे समुद्रापर्यंत बहुतेक उतारच. जवळूनच जुना राष्ट्रीय रस्ताही जातो. नवा रुंद महामार्ग झाल्यापासून त्याच्यावरची वाहने तिकडे गेली आणि हा बिचारा सायकलींसाठी मोकळा झाला.

रस्ता शांत होण्याचे हे एक कारण. दुसरे कारण गावात शिरल्यावर कळते.

दूरवरून प्रथम दिसतो तो चर्चचा मनोरा. गावात शिरावे तर दगडी घरे, लाकडी दारे, दारांना कुलपे. खिडक्यांचे पडदे खाली ओढलेले. दुपारी दोन ते पाच तशीही सारी दुकाने बंद असतात, कारण ती जेवणाची आणि वामकुक्षीची वेळ. पण हे कुलूप दुपारचे नव्हे, वर्षाचे आहे, हे गंजावरून ओळखू येते. चौकात दगडी कारंजे असते, त्याची धार अखंड चालू. इथे एक काम आधी करा. कारंज्यावरची पाटी वाचा. 'आग्वा पोताब्ले' लिहिले असेल तर पाणी पिण्याचे. मध्ये 'नो' असेल तर नुसते तोंड धुवा. बाटल्या भरून घेतल्याशिवाय गाव सोडायचे नाही, हा सायकलवाल्याचा पहिला नियम.

मग 'बार' शोधायचा. नावाने दचकू नका! स्पेनच्या खेड्यातला बार म्हणजे आपला पार, चहाचे दुकान आणि चावडी यांचे एकत्र बिऱ्हाड. सकाळी तिथे कॉफी मिळते, पावावर पिकलेला टोमॅटो चोळून वर ऑलिव्हचे तेल सोडून देतात. बटाट्याचे जाड धिरडे मिळते, ते मात्र अंड्यातले. शाकाहारी मंडळींनी एवढे ध्यानात ठेवावे की 'मांस नको' म्हटल्यावर तिथे समजूतदारपणे मासा आणून देतात! तेव्हा मासाही नको, हे निराळे सांगावे लागते.

अशाच एका बारमध्ये आम्ही बसलो होतो. तेरुएल प्रांतात काही लहान गावांत अशी सोय आहे की गावच्या मालकीच्या जागेत एकच कुटुंब बार, किराणा आणि उतरायच्या दोन खोल्या चालवते. एकेका धंद्यावर पोट भरत नाही, म्हणून तिन्ही एकत्र. कोपऱ्यात पत्ते खेळणारे चार वृद्ध होते. त्यांतल्या एकांनी विचारले, "कुठले तुम्ही?" मित्रांनी सांगितले, "हिंदुस्थानातले." आजोबांनी बाहेर भिंतीला टेकवलेल्या सायकलींकडे पाहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "एवढ्या लांबून? मग पाय दुखत असतील." सगळे हसले. हसणे ओसरल्यावर मी विचारायला सांगितले, गावात माणसे किती? आजोबांनी बोटे मोजली. हिवाळ्यात अठरा. ऑगस्टमध्ये दोनशेच्या वर. आपली तीन मुले, एक बार्सेलोनात, दोघे बालेन्सियात. ऑगस्टमध्ये गावची जत्रा असते, तेव्हा सगळे येतात, घरांची कुलपे निघतात, रात्रभर चौकात गाणे चालते. सप्टेंबर लागला की पुन्हा शांत.

श्रोतेहो, हे ऐकताना कोकणातल्या श्रोत्यांना गणपतीचे दिवस आठवले असतील. मला तरी आठवले.

तर ही माणसे गेली कुठे, याचे उत्तर आजोबांच्या बोटांवर होते. ती गेली मुख्यतः १९५० ते १९७५ या पाव शतकात. शेतीत ट्रॅक्टर आला, दहा माणसांचे काम एक माणूस करू लागला. त्याच वेळी माद्रिद, बार्सेलोना, बिल्बाओ येथे कारखाने उभे राहिले. फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंडला मजूर हवे होते. तरणीताठी माणसे निघून गेली. आधी मुले गेली, मग शाळा गेली, मग डॉक्टर, मग बसगाडी. आज स्पेनमध्ये आठ हजारांवर गावपालिका आहेत. त्यांपैकी जवळजवळ पाच हजारांत हजार माणसेही नाहीत. २०१६ साली सेर्खिओ देल मोलिनो या लेखकाने 'रिकामा स्पेन' या अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहिले आणि या दुःखाला नाव मिळाले. पुढे गावकऱ्यांनी त्या नावात एका अक्षराची भर घातली. ते म्हणतात, आमचा भाग 'रिकामा' नाही, तो 'रिकामा केला गेलेला' आहे! ३१ मार्च २०१९ रोजी या लोकांनी माद्रिदमध्ये मोठा मोर्चा काढला. तेरुएलच्या लोकांची चळवळ तर त्याच्याही आधीची, १९९९ ची. तिचे नाव फार साधे आहे: 'तेरुएल आहे.' आम्ही आहोत, एवढेच म्हणणे! नोव्हेंबर २०१९ च्या निवडणुकीत या नावाखाली त्यांचा एक प्रतिनिधी संसदेत गेला.

शिक्षक बंधुभगिनींनो, आता थोडे तुमच्या कामाचे. अशा गावांतल्या शाळांचे काय करावे, हा प्रश्न तिकडेही आलाच. १९८६ च्या एका हुकमाने तिथे अशी सोय झाली की चार-सहा गावांच्या लहान शाळा मिळून कागदोपत्री एक शाळा मानायची, पण वर्ग ज्या त्या गावातच भरवायचे. मुलांनी प्रवास करायचा नाही. संगीताचा, इंग्रजीचा, व्यायामाचा शिक्षक या गावाहून त्या गावाला जातो. एकाच खोलीत चार वर्षांचे बालक आणि अकरा वर्षांची मुलगी शेजारी बसून शिकतात. एका गावात आम्ही अशी शाळा बाहेरून पाहिली. मधल्या सुटीची वेळ होती. अंगणात पाच मुले आणि एक चेंडू. आमच्या सायकली पाहून ती कुंपणापाशी धावत आली आणि एकाने घंटी वाजवून मागितली. पाच मुलांची शाळा चालवणे परवडते का, असा हिशेब कुणी मांडू शकेल. पण त्या गावात दिवसभरात आम्ही ऐकलेला सर्वांत मोठा आवाज त्या पाच मुलांचा होता, हेही हिशेबात धरायला हवे. कमी पटाच्या शाळांचा प्रश्न आपल्या डोंगराळ तालुक्यांतही आहे. त्यावर बोलणाऱ्यांनी हा नमुना पाहून ठेवावा.

सारेच चित्र उदास आहे असे मात्र समजू नका. एस्कांदोनची खिंड उतरून पुढे गेले की सार्रियोन नावाचे हजार-बाराशे वस्तीचे गाव लागते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओळीने लावलेली ओकची ठेंगणी झाडे दिसतात, भोवती तांबडी, चुनखडीची, गोटाळ जमीन. वर पाहून काही कळत नाही, कारण पीक आहे जमिनीखाली! ओकच्या मुळांशी वाढणारी काळी अळंबी, जिला ट्रफल म्हणतात, ती ही मंडळी पिकवतात. रोपाच्या मुळांना आधीच त्या बुरशीची लागण करून रोप लावायचे, आठ-दहा वर्षे वाट पाहायची आणि मग हिवाळ्यात शिकवलेल्या कुत्र्याच्या नाकाच्या भरवशावर खणायचे. ट्रफलला युरोपात फार मोठी किंमत येते आणि सार्रियोनचा परिसर आज जगातल्या काळ्या ट्रफलच्या मुख्य आगरांपैकी एक आहे. गव्हालाही धड न मानवणाऱ्या जमिनीवर हे झाले. परिणाम काय? सार्रियोनमध्ये तरुण माणसे दिसली, बांधकामे दिसली, संध्याकाळी चौकात बाबागाड्या दिसल्या. गावात काम असले की माणूस राहतो, हे तर्कशास्त्र तिकडेही आपल्यासारखेच आहे.

पुढे वाट उतरत पालान्सिया नदीच्या खोऱ्यात येते. हवा ऊबदार होते, बदाम आणि ऑलिव्ह दिसू लागतात, मग संत्री. सेगोर्बे गावी एक गमतीचे कारंजे आहे. त्याला पन्नास तोट्या, स्पेनच्या पन्नास प्रांतांची पन्नास, आणि प्रत्येक तोटीवर त्या त्या प्रांताची मुद्रा. आम्ही शोधून शोधून तेरुएलच्या तोटीचे पाणी बाटलीत भरले. तिसऱ्या मुक्कामानंतर समुद्र दिसला.

या सायकलवाटांहूनही जुन्या वाटा या देशात आहेत, त्या मेंढ्यांच्या. तेरुएलच्या पश्चिमेला जे डोंगर आहेत, तिथले काही धनगर अजूनही हिवाळ्याच्या तोंडाशी कळप घेऊन शेकडो किलोमीटर चालत दक्षिणेला उतरतात आणि उन्हाळ्याआधी परततात. ग्वादालाबियार या गावात या भटकंतीचे एक छोटे संग्रहालयच आहे. १२७३ साली दहाव्या आल्फोन्सो राजाने मेंढपाळांच्या संघाला, म्हणजे 'मेस्ता'ला, अधिकार दिले, ते १८३६ पर्यंत टिकले. मुख्य मेंढवाटेची कायद्याने ठरलेली रुंदी सुमारे पंचाहत्तर मीटर! साऱ्या लहानमोठ्या मेंढवाटा मिळून सव्वा लाख किलोमीटर भरतात. १९९५ च्या कायद्याने या वाटा सार्वजनिक मालमत्ता म्हणून राखल्या आहेत आणि मेंढ्यांना अडथळा न करता तिथे पायी किंवा सायकलने जायला मुभा आहे. पुणे-सातारा भागातून दिवाळीनंतर कोकणात उतरणाऱ्या आपल्या धनगर बांधवांना, ज्यांना दर वर्षी नव्या कुंपणांशी गाठ घालावी लागते, ही बातमी कुणी तरी सांगायला हवी.

या मेंढ्या जिकडे उतरतात, त्या आंदालुसियातही हिरव्या वाटा आहेत. खाएन प्रांतात सहा कोटींवर ऑलिव्हची झाडे आहेत. तिथून तेलाची पिंपे वाहणाऱ्या आगगाडीच्या मार्गावर आता एकशेअठ्ठावीस किलोमीटरांची सायकलवाट आहे. दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत फक्त ऑलिव्ह. त्याहून विलक्षण वाट पुएर्तो सेर्रानो ते ओल्बेरा ही, छत्तीस किलोमीटरांची. तीत तीस बोगदे आहेत. हा लोहमार्ग १९२० च्या दशकात बांधायला घेतला, बोगदे झाले, पूल झाले, स्टेशने झाली, आणि यादवी युद्ध आले. त्या मार्गावरून आगगाडी एकदाही धावली नाही! साठ-सत्तर वर्षांनी पहिली चाके फिरली ती सायकलींची. वाटेत एका प्रचंड कड्यावर गिधाडांची मोठी वसाहत आहे. आपल्याकडे दिसेनाशी झालेली गिधाडे तिथे डोक्यावर घिरट्या घालताना पाहून मान अवघडते, पण डोळे निवतात.

स्पॅनिश लेखकांत सायकल आणि खेडे या दोहोंवर जीव असलेले एक नाव सांगायलाच हवे: बाय्यादोलिदचे मिगेल देलिबेस, जन्म १९२०, मृत्यू २०१०. सायकलवर त्यांनी एक छोटे आत्मकथनच लिहिले आहे. लहानपणी वडिलांनी त्यांना सायकलवर बसवून ढकलून दिले आणि आपण निघून गेले. उतरायचे कसे हे सांगितलेच नव्हते! पोर बागेत गोल गोल फिरतच राहिले. तरुणपणी, १९४१ च्या सुमारास, आपल्या प्रेमाच्या माणसाला भेटण्यासाठी मोल्येदोहून डोंगर ओलांडून सेदानोपर्यंतचे शंभर किलोमीटर ते सायकलने गेले. याच देलिबेसांनी १९७८ साली एक कादंबरी लिहिली. निवडणुकीच्या प्रचाराला शहरातले तिघे एका ओसाड गावात जातात. तिथे उरलेत कायो नावाचे म्हातारबाबा, त्यांची बायको आणि एक शेजारी, ज्याच्याशी कायोबाबांचे बोलणे नाही. मत मागायला आलेल्यांना हळूहळू कळते की, मध कसा काढावा, झाडपाला कशाला औषध, खेकडे कसे धरावे हे सारे या माणसाला येते. आपण त्याला द्यावे असे आपल्याजवळ काहीच नाही. आणि हा माणूस गेला की ते ज्ञान त्याच्याबरोबर जाणार.

तेव्हा आता मूळ प्रश्नाकडे वळतो. सायकलवाल्याला जी शांतता इतकी गोड वाटते, ती त्या गावांनी स्वतःहून मागितलेली नाही. आपण आनंदाने ज्या निर्मनुष्य रस्त्यावरून जातो, त्याच्या कडेला कुणाचे तरी कुलूपबंद घर असते. मग तिथे जाऊच नये काय? गावकऱ्यांना विचाराल तर ते उलट म्हणतील: या, पण थांबा. मोटारीतला माणूस दोन तासांत प्रांत ओलांडतो; त्याला गाव म्हणजे खिडकीतून सरकणारे चित्र. सायकलवाल्याला भूक लागते, तहान लागते, रात्र होते. त्याला थांबावेच लागते. तो पाव घेतो, कॉफी घेतो, खोली घेतो. तेरुएलभोवतीच्या ओस डोंगरांत काही वर्षांपूर्वी 'रिकामे डोंगर' या नावाचा सुमारे सातशे किलोमीटरांचा सायकलमार्ग आखला गेला आहे, त्यामागची एक दृष्टी हीच. चार सायकलवाल्यांच्या कॉफीने गाव पुन्हा भरणार नाही, हे मलाही कळते. त्याला सार्रियोनसारखे काम हवे, शाळा हवी, दवाखाना हवा. पण बार चालू ठेवायला कधी कधी चार कॉफ्या पुरतात, आणि बार चालू असला तर त्या चार वृद्धांना पत्ते खेळायला जागा राहते.

म्हणून तुमच्यापैकी कुणाला, किंवा परदेशी असलेल्या तुमच्या मुलाबाळांना, त्या बाजूला जाण्याचा योग आला, तर एवढे करा. लाल रेघांचे मोठे रस्ते सोडून नकाशावरच्या पांढऱ्या-पिवळ्या बारीक रस्त्यांवर वळा. दुपारचे जेवण दोनच्या सुमारास जिथे असाल तिथेच घ्या. शहरातून पिशवी भरून खाऊ नेऊ नका. पाव गावातच विकत घ्या. काही गावांत पावाची गाडी भोंगा वाजवीत येते, तिच्याभोवती जमणाऱ्या आजीबाईंत उभे राहा आणि तुमचा नंबर येईपर्यंत थांबा. सायकलवरून जाताना शेतातल्या माणसाला हात करा, तो करतोच. आणि विचारा, या गावात माणसे किती. या प्रश्नाचे उत्तर देताना ती माणसे कशी बोटे मोजतात, आणि मोजताना प्रत्येक बोटाला एक नाव असते, ते नीट ऐकून घ्या.

आमच्या निघण्याच्या वेळी त्या आजोबांनी काय म्हटले, ते सांगून तुमची रजा घेतो. मित्रांनी त्यांना विचारले होते, पुढे सागुंतोपर्यंत रस्ता चांगला आहे ना? आजोबा म्हणाले, "रस्ता उत्तम आहे. पूर्वी वाईट होता, तेव्हा त्याच्यावर माणसे होती."